झीज

मागल्या श्रावणाच्या आधी गावाकडून फोन आला. देवस्थान कमिटीतला माझा चुलतभाऊ बोलत होता. "अक्का, देव झिजत चाललाय. पिंडीला खड्डे पडलेत. एकजण वज्रलेप करून देतो म्हणतोय. तू दगडातली, तूच सांग, करायचा का नको."

तू दगडातली. माझ्या पस्तीस वर्षांच्या कामाला याहून नेमकं नाव कुणी दिलेलं नाही. समुद्राच्या तळाशी गरम पाणी खडकात शिरलं की त्या खडकाचं काय होतं, हा माझा विषय. नोकरी सगळी गोव्यात झाली, आता निवृत्त होऊन भोरला राहते. गाव वेळवंडच्या खोऱ्यात, भाटघरच्या पाण्याच्या कडेला. आम्ही गुरव. महादेवाची पूजा आमच्या घरात किती पिढ्या आहे ते कुणी मोजलेलं नाही. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, साठ वर्षं केली. आता चुलतभावाचा मुलगा करतो. आप्पा पायरीवर बसून त्याच्या चुका काढतात.

फोन ठेवला आणि मनात एकच वाक्य घोळत राहिलं. देव झिजत असेल तर तो देव कसा? आणि झिजत नसेल तर पिंडीला पडलेले ते खड्डे कुणाचे?

खड्डे मला माहीत होते. सात-आठ वर्षांची असताना मी पहाटे आप्पांबरोबर देवळात जायचे. पाणी आणून द्यायचं काम माझ्याकडे. पिंड धुताना हात फिरवला की बोटांना मध्येच टोचायचं. काळ्या कातळात वाटाण्याएवढी, क्वचित बोराएवढी भोकं होती आणि त्यांत पांढरे, काटेरी, चांदणीसारखे फुललेले गोळे. समईच्या उजेडात ते लखलखायचे. आप्पा त्यांना गारगोटीची फुलं म्हणायचे. देवाच्या अंगावर कुणीतरी जाई शिवून ठेवली आहे, असं मला वाटायचं. फोननंतर गेले, हात फिरवला. भोकं तिथंच होती, पण टोचलं काहीच नाही. फुलं गेली होती.

भोर काय, वेल्हं काय, हा सगळा मुलूख लाव्ह्याच्या थरांचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी एकावर एक ओतत गेलेले हे थर. राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याकडे बघितलं की डोंगराच्या अंगावर आडव्या पट्ट्या दिसतात, ते हेच. थर थिजताना वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहिले, त्यांची भोकं झाली. पुढं त्या थरांच्या राशीतून कोमट, कधी चांगलं गरम पाणी मुरत राहिलं. वाटेत ते खडकातली सिलिका, कॅल्शियम, सोडियम, अॅल्युमिनियम विरघळवून घ्यायचं आणि भोकात पोचलं की तिथं ठेवून द्यायचं. त्यातून झिओलाइट वाढले, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतलं निळंशार कॅव्हन्साइट जगभरचे संग्राहक शोधत येतात, तेही अशाच भोकांत वाढलेलं. म्हणजे आमच्या पिंडीतली जाई पाण्यानंच शिवली होती. ती पाण्यानंच उसवली, हेही खरं. पण साध्या पाण्यानं नव्हे. झिओलाइटला आम्ल सोसत नाही. पंचामृतातलं दही आंबट. आणि त्याहून वाईट म्हणजे पिंडीवरचा तांब्याचा नाग आम्ही चिंच आणि मीठ लावून जागच्या जागी घासत होतो. मीही घासलाय. नाग सोन्यासारखा दिसायचा आणि ओघळ खाली फुलांवर जायचा.

हे कमिटीला सांगणं सोपं होतं. अवघड होता तो पहिला प्रश्न. त्यासाठी मला आधी वेल्ह्याला जावं लागेल, कारण त्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला तिथं मिळालं होतं. मिळालं तेव्हा ते उत्तर आहे, हे मात्र कळलं नव्हतं.

माझी आत्या वेल्ह्याची. वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणायचं ठरलं आहे. आत्या असती तर तिनं वेल्हंच म्हटलं असतं. तिच्या घरामागं आंब्याखाली देवीचा तांदळा होता. नाक ना डोळे, नुसता शेंदराचा गुळगुळीत गोल उंचवटा, त्यावर चांदीचे डोळे चिकटवलेले. दर मंगळवारी तेल आणि शेंदूर. महादेवाची पिंड वरून कमी होत जाते आणि तांदळा वरून वाढत जातो, हे माझ्या लक्षात आलं होतं, पण कुणाला विचारलं नव्हतं. मी पुण्यात भूशास्त्र शिकत असताना एकदा तोरण्याच्या फील्डवर्कहून परतताना आत्याकडे उतरले. नेमकं त्या आठवड्यात शेंदराचं कवच तडकून गळून पडलं होतं. आत मुठीएवढा, नदीत सापडतो तसला गोटा. शिकत्या वयातली मी, हातोडी पाठीवरच्या पिशवीत, मला तो गोटा उचलून बघायची घाई झाली. आत्यानं माझा हात धरला. मी विचारलं, "आत्या, मग देवी कुठली? पडली ती का राहिली ती?" ती म्हणाली, "पडलं ते कानंदीत सोडायचं, राहिलं त्याला शेंदूर लावायचा. चल, तेल आण."

पुढं २०२२ साली वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचं शेंदराचं जुनं कवच उतरवलं आणि आतलं कोरीव रूप समोर आलं, तेव्हा लोकांचे डोळे भरून आले. देवीनं खरं रूप दाखवलं, असं सगळे म्हणाले. मला आत्याचा गोटा आठवला. तिथं आत रूप नव्हतं. तरी आत्याला काही हरवल्यासारखं वाटलं नव्हतं.

मग समुद्र. नव्वदच्या दशकात आमच्याकडे सागर कन्या हे जहाज होतं, १९८३ साली आलेलं. हिंदी महासागराच्या मधोमध एक डोंगररांग बुडालेली आहे. तिच्या उत्तरेकडच्या भागाला कार्ल्सबर्ग रिज म्हणतात, दक्षिणेकडच्या भागाला मध्य हिंदी महासागर रिज. तिथं समुद्राचा तळ दुभंगत असतो, आपली नखं वाढतात त्या चालीनं, आणि फटीतून नवा खडक वर येतो. तळाचा खडक आणायचा तर ड्रेज टाकतात. ड्रेज म्हणजे लोखंडी तोंडाची, साखळ्यांची विणलेली पोतडी. कित्येक किलोमीटर केबल सोडायची, कड्यावरून पोतडी ओढायची आणि वाट बघायची. रात्री दोनला ती वर आली की सगळे झोपेतून उठून डेकवर. एका खेपेला काळ्या काचेसारख्या बेसाल्टबरोबर काही निराळे दगड आले. हिरवे, चट्ट्यापट्ट्यांचे, हाताला साबणासारखे. सर्पेंटिनाइट. सापाच्या कातीवरून पडलेलं नाव.

हा खडक मुळात पृथ्वीच्या कवचाच्याही खालचा, ऑलिव्हिन नावाच्या खनिजानं भरलेला. भेगांतून समुद्राचं पाणी तिथवर उतरतं आणि स्फटिकाच्या बांधणीतच जाऊन बसतं. सर्पेंटाइनच्या वजनात साधारण १३ टक्के पाणी असतं. हातात घेतलं तर कोरडा ठणठणीत दगड. पिळून एक थेंब निघायचा नाही, तरी आठवा हिस्सा पाणी.

गोव्याला परतल्यावर त्याचा पातळ काप केला. ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप, त्यातून उजेड आरपार जातो. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मला तो स्फटिक दिसला. ऑलिव्हिनचा आकार, त्याच्या कडा, त्याच्या वाकड्या भेगासुद्धा जिथल्या तिथं. आणि आत ऑलिव्हिनचा कण नव्हता. सगळं सर्पेंटाइन, जाळीसारखं विणलेलं. द्रव्य बदललं होतं आणि रूप राहिलं होतं.

आमच्या शास्त्रात याला स्यूडोमॉर्फ म्हणतात. ग्रीक शब्द, अर्थ खोटं रूप. मी तो शब्द शेकडो वेळा लिहिला, पण तो मला कधी पटला नाही. यात खोटं काय आहे? भोरच्या काळ्या दगडातही ऑलिव्हिनच्या जागी तांबूस इडिंग्साइट बसलेलं सापडतं. त्याचाही आकार जुन्याचाच. ते कुणाला फसवायला आलेलं नाही.

लहानपणापासून आपण ऐकत आलो त्याच्या हे नेमकं उलटं आहे, हे मला तो काप बघताना जाणवलं आणि तेव्हापासून त्यानं माझा पिच्छा सोडला नाही. छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला माती दाखवतो. घट, परळ, रांजण ही नावं आणि रूपं, खरी ती माती. रूप जातं, द्रव्य राहतं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देह जुन्या कपड्यासारखा टाकायचा, आतला तोच. आणि इथं माझ्यासमोर कपडा तोच होता, शिवणीसकट, आणि नेसणारा दुसरा. मग यातला तोच कोण? बौद्धांचा नागसेन मिलिंद राजाला रथाच्या एकेका भागाचं नाव घेऊन विचारतो की यात रथ कुठला. उत्तर सुंदर आहे, पण त्यासाठी मनात तरी रथ थांबवून सोडवावा लागतो. माझा स्फटिक कधी सुटा झालाच नाही. बदलत असतानाही तो एकसंध होता.

हे कसं घडतं, ते आता बरंच कळलं आहे. जुन्या आणि नव्या खनिजाच्या मधोमध पाण्याचा एक अतिशय पातळ पापुद्रा असतो. एका बाजूनं जुनं विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं बसतं, आणि पापुद्रा पुढं सरकतो. विरघळणं पुढं धावलं तर भोक पडतं, आकार ढासळतो. बसणं पुढं धावलं तर जागा पुरत नाही, खडक तडकतो. देणं आणि घेणं एकाच जागी आणि एकाच वेळी झालं तरच रूप टिकतं. मला वाटतं, ‘तोच’ या शब्दाचा अर्थ द्रव्यात शोधला तर सापडत नाही आणि नुसत्या रूपातही सापडत नाही. तो त्या पापुद्र्यात आहे. आमच्या देवळातली पूजा तशीच टिकली. आजोबांचे हात गेले, आप्पांचे आले. आप्पांचे थरथरायला लागले तेव्हा पोराचे आधीच शेजारी तयार होते. तांब्या हातातून हातात गेला, मध्ये खाली ठेवला गेला नाही. आत्यानंही तेच केलं होतं. पडलेलं नदीला, राहिलेल्याला शेंदूर, दोन्ही त्याच दुपारी.

पण मी शास्त्रातली आहे आणि मला माझ्याच विचारातली फट दिसत होती. पूजा बदलून टिकते, ठीक. तांदळा बदलून टिकतो, ठीक. पिंडीचं काय? पिंड नुसती देते. तिच्या जागी नवं काही बसत नाही. हिशेबाची दुसरी बाजू कोरी.

या कोऱ्या बाजूवर मी बरीच वर्षं अडले होते, आणि ती भरली मॅग्नेशियमनं. आपल्या काळ्या कातळात मॅग्नेशियम असतं. पाऊस ते थोडं थोडं काढून घेतो, ओढ्यात घालतो, ओढा नदीत. जगातल्या सगळ्या नद्या हेच करतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण १.३ ग्रॅम मॅग्नेशियम असतं. नद्या ज्या वेगानं ते आणतात त्या हिशेबानं एवढा साठा १ कोटी ३० लाख वर्षांत होतो. समुद्र तर त्याच्या कित्येक पट जुना. मग त्यात मॅग्नेशियम साचत का गेलं नाही? जातं कुठं?

१९७७ साली गॅलापागोस बेटांजवळ अल्विन ही छोटी पाणबुडी अडीच हजार मीटर खाली उतरली आणि तळातून वाहणारे ऊन पाण्याचे झरे माणसानं पहिल्यांदा पाहिले. दोन वर्षांनी मेक्सिकोच्या किनाऱ्याबाहेर त्याहून विलक्षण दिसलं. दगडी धुरांड्यांतून काळ्या धुरासारखं पाणी उसळत होतं, ३५० अंश सेल्सिअसच्या आसपासचं. वरच्या पाण्याचा दाब एवढा की ते उकळत नाही. त्या पाण्यात मॅग्नेशियम जवळजवळ शून्य होतं. समुद्राचं पाणी भेगांतून खाली जातं, खालच्या तप्त शिलारसाच्या शेजारी तापतं, मॅग्नेशियम खडकाला देऊन टाकतं आणि बदल्यात लोह, तांबं, जस्त, मँगनीज घेऊन वर येतं. वर दोन अंशाच्या थंडगार पाण्यात शिरताच त्या धातूंचा गंधकाबरोबर थिजून काळा धूर होतो. काळा बेसाल्ट खाली मॅग्नेशियम घेऊन हिरवा होतो, क्लोराइटचा हिरवा. तो हिरवा रंग मी आयुष्यभर बघत आले.

आता नकाशा मनात आणा. आमच्या पिंडीवरचं पाणी शाळुंकेच्या पन्हळीतून भिंतीबाहेर पडतं, तिथून ओढ्याला. ओढा वेळवंडीला, वेळवंडी भाटघरला. धरणाखाली ती नीरेला मिळते. नीरा नरसिंहपूरला भीमेत जाते, आणि भीमा पुढं पंढरपूरला चंद्रभागा होऊन वाळवंटाला वळसा घालते. मग कृष्णा, मग बंगालचा उपसागर. भोरच्या महादेवाच्या अंगावरून सुटलेला कण विठोबाच्या पायऱ्यांवरून जातो. आणि शेवटी, लाखो वर्षांच्या हिशेबात, कुठल्यातरी बुडालेल्या डोंगराच्या भेगेत उतरून खडकात बसतो. ही कल्पना नाही, हा माझ्या विषयाचा जमाखर्च आहे. पिंड देते ते दुसरा खडक घेतो. मधला पापुद्रा मात्र एवढा थोरला की आपण त्याला समुद्र म्हणतो.

इथं कुणी मला वडवानलाची आठवण करून देईल, म्हणून तेही बोलते. महाभारताच्या आदिपर्वात और्व ऋषीचा क्रोधाग्नी समुद्रात टाकल्याची कथा आहे. तो अग्नी समुद्राच्या पोटात पाणी पीत राहतो. एवढ्या नद्या येऊन मिळतात तरी समुद्र मर्यादा का ओलांडत नाही, त्याचं उत्तर म्हणून हा वडवानल सांगितला जातो. ही कथा मला अतिशय प्रिय आहे. पण आपल्या पूर्वजांना समुद्रतळाचे झरे ठाऊक होते असं मी म्हणणार नाही, आणि कुणी म्हटलं तर मला वाईट वाटतं. तसं म्हटलं की कथेचा खरा मोठेपणा झाकला जातो. कुणीतरी किनाऱ्यावर उभं राहून हिशेब मांडला, जमा दिसते तर खर्च कुठं आहे असा. प्रश्न बरोबर होता. मॅग्नेशियमपुरत्या उत्तराला अडीच किलोमीटर खाली जावं लागलं, १९७७ सालापर्यंत थांबावं लागलं.

डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रानं आणि चेन्नईच्या समुद्र तंत्रज्ञान संस्थेनं मिळून हिंदी महासागराच्या तळाशी, ४,५०० मीटर खोलीवर, एका जिवंत झऱ्याचं छायाचित्र मिळवलं. आपल्या लोकांनी, आपल्या स्वयंचलित यानानं. आमच्या वेळी आम्ही पाण्याचं तापमान आणि गढूळपणा मोजून असा झरा जवळ कुठंतरी असावा, एवढंच म्हणायचो. ते चित्र मोबाइलवर आलं तेव्हा मी भोरला भाजी निवडत होते. बराच वेळ हात थांबला. संध्याकाळी गावी जाऊन आप्पांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, मोबाइल जवळ धरला. "पाण्यात धुनी?" म्हणाले. मी हो म्हटलं. "लाकडं कोण घालतं?" मी जमिनीकडे बोट केलं. त्यांनी मान हलवली, आणि आपसूक मोबाइलला हात जोडले.

कमिटीची बैठक देवळाच्या ओवरीत झाली. वज्रलेप म्हणजे पाप, असं माझं मत नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं बृहत्संहितेत वज्रलेपावर स्वतंत्र अध्याय लिहिला आहे, कच्ची कवठं, सावरीची फुलं असं काय काय शिजवून करायच्या लेपाचा. पंढरपूरच्या विठ्ठलाच्या मूर्तीलाही संवर्धनाचे लेप दिले गेले आहेत. तिथं रोज हजारो हात आणि कपाळं पायांना लागतात, तिथली गरज वेगळी. आमच्या पिंडीचा खडक आतून घट्ट आहे, तडा कुठं नाही. फुलं गेली ती गेली, लेपाच्या राळेनं ती परत येणार नाहीत. आणि बेसाल्ट श्वास घेतल्यासारखा ओल आत-बाहेर करतो. वरून राळ बसवली आणि खालून जमिनीची ओल चढत राहिली, तर पापुद्र्यामागं पाणी कोंडून खपल्या निघायची भीती. मी एवढंच सुचवलं की पंचामृत उत्सवमूर्तीला आणि चांदीच्या मुखवट्याला करा, पिंडीला साधं पाणी आणि बेल. नाग काढून बाहेर नेऊन घासा. चिंच गाभाऱ्यात आणू नका.

चुलतभावाची मुलगी पुण्यात इंजिनिअरिंग शिकते. ती ओवरीच्या खांबाला टेकून ऐकत होती. "आत्या, तू दगडाची केमिस्ट्री सांगतेस आणि मग त्याला नमस्कार करतेस. दोन्हींतलं एक काहीतरी सोड ना." ती चिडून बोलली नाही, तिला खरोखर कळून घ्यायचं होतं. तिच्या प्रश्नाला मोठी परंपरा आहे. संतांनी दगडाच्या देवाला बोल लावलेत, जोतीराव फुल्यांनी तर ठणकावून सांगितलं.

मी तिला म्हटलं, तो दगड आहे हे मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, मी त्याचे काप केलेत. दगडाला जाणीव आहे असं मी कधी म्हटलं नाही. पण जड म्हणजे ज्याच्यात काही घडत नाही ते, असं तू समजतेस, तिथं माझा तुझ्याशी वाद आहे. ऑलिव्हिनचं सर्पेंटाइन होताना हायड्रोजन सुटतो. २००० साली अटलांटिकच्या तळाशी लॉस्ट सिटी नावाचं ठिकाण सापडलं. तिथं अशाच बदलणाऱ्या खडकातून पांढऱ्या चुनखडीचे मनोरे उभे राहिलेत, साठ मीटरपर्यंत उंच. त्या हायड्रोजनवर सूक्ष्मजीव जगतात, सूर्याचा किरण न बघता. पृथ्वीवर जीव अशाच एखाद्या जागी सुरू झाला असावा, असं मानणारे शास्त्रज्ञ आहेत. ते सिद्ध झालेलं नाही. पण खडक आणि पाणी एकमेकांत बदलत असताना त्यांच्या आधारानं काहीतरी जगतं, एवढं सिद्ध आहे. रायरेश्वराच्या पठारावर लोक सात रंगांची माती बघायला जातात, मुठीनं पुडीत बांधून आणतात. ती माती म्हणजे हाच काळा कातळ, पाण्यानं आणि हवेनं बदललेला. त्या मातीत गहू येतो. मी नमस्कार करते तो त्याला.

ती काही बोलली नाही. पटलं असं मी समजत नाही.

गीतेच्या पंधराव्या अध्यायात क्षर आणि अक्षर असे दोन पुरुष सांगितलेत. क्षर म्हणजे नाशवंत, असं आपण शिकतो. संस्कृतात त्या धातूचा अर्थ वाहणं, पाझरणं, असाही आहे. नासणं आणि वाहणं यांना भाषेनं एकच शब्द दिला. मराठी भूगोलात नदीच्या झिजवण्याला क्षरण असंही म्हणतात. लाव्हा वाहिला, त्याचा दगड झाला. दगडावरून पाणी वाहिलं, त्याचा गाळ झाला. मी अक्षराबद्दल काही सांगू शकत नाही, तो माझा प्रांत नव्हे. क्षराबद्दल मात्र मला आता भीती वाटत नाही. वेळवंडीकाठचं कांबरेश्वराचं देऊळ वर्षाचे बहुतेक महिने भाटघरच्या पाण्याखाली असतं, १९२८ साली ते धरण पुरं झालं तेव्हापासून. उन्हाळ्यात पाणी उतरलं की लोक चिखल तुडवत दर्शनाला जातात. तिथं बहुतेक वर्ष अभिषेक चालू असतो आणि गुरव नसतो. मे महिन्यात मी तिथं जाऊन भिंतीला हात लावून आले. दगड गार होता आणि शाबूत होता.

एक गोष्ट मात्र मला करायचीच होती. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी मी दोन धुतलेल्या बाटल्या घेऊन गेले. एकीत पिंडीवर घालण्याआधीचं विहिरीचं पाणी, दुसरीत पन्हळीतून आलेलं. दूध-दही त्या दिवशी नव्हतंच. असतं तर हिशेब चुकला असता, दुधातच मॅग्नेशियम असतं. जुन्या सहकाऱ्याकडून दोन्ही तपासून घेतली. फरक निघाला नाही. दोन्हींत मॅग्नेशियम सारखंच. विहीरही त्याच कातळातली, पाणी आधीच त्याचं घेऊन आलेलं. एका तांब्यात पिंडीचं जे जात असेल ते यंत्राला दिसण्याच्या कितीतरी अलीकडचं.

उरलेलं पाणी घेऊन मी गावी गेले. आप्पा पायरीवर होते.

"काय निघालं?"

"काही नाही, आप्पा. दिसण्याएवढं काही जात नाही."

"म्हणजे झिजत न्हाई?"

"झिजतो. पण फार हळू. माझ्या यंत्राला कळत नाही एवढा."

त्यांनी थोडा विचार केला. मग हात पुढं केला. "तपासून झालं ना? आन इकडं."

मी बाटली दिली. ते उठले, भिंतीला धरत गाभाऱ्यात गेले, टोपण उघडलं आणि पाणी पिंडीवर ओतलं. ते शाळुंकेवरून फिरलं, पन्हळीत शिरलं. मी बाहेर येऊन ओढ्याच्या बाजूला उभी राहिले. भिंतीतून धार आली, बारीक, आणि थांबली.